सावित्री क्लबची लिफ्टर

उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथलं शेवटचं घर गोमाजी उतेकराचं. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला असतात. शिमग्याला ती गावी आली की भात कापून मोकळ्या पडलेल्या खाचरात दोन बांबू रोवून शूटिंगबॉलचे सामने लागायचे. गोमाजी अंगानं बुटका, पण नेटजवळ उभा राहिला की समोरच्याला बॉल टाकायला जागा सापडत नसे. त्याची शकू तेव्हा नववीत होती. बांधापलीकडे गेलेला बॉल आणून द्यायचं काम तिच्याकडे असायचं. इतर पोरं बॉल फेकायची. शकू तो कपाळासमोर दोन्ही हातांच्या बोटांवर घ्यायची आणि तिथूनच बापाच्या हातात अलगद पोचवायची.

पोलादपूरच्या शाळेतले खेळाचे मास्तर हर्षद सर त्या वर्षी पंच म्हणून आले होते. सामना चालू असताना त्यांचं लक्ष बांधाकडेच जास्त होतं.

"गोमाजी, ही पोरगी तुमची? हिला कुणी शिकवलं हे?"

"शिकवतंय कोण? आमचं बघून बघून करते."

"तुमचं बघून नाही करत," सर हसत म्हणाले. "तुम्ही बॉल मारता. ही बॉल देते. मला हीच पाहिजे."

व्हॉलीबॉलमध्ये जी दुसऱ्यांना मारायला बॉल उचलून देते तिला लिफ्टर म्हणतात. मारणारीचे फोटो येतात, तिच्यासाठी टाळ्या वाजतात. लिफ्टरचं नाव प्रेक्षकांना बहुधा ठाऊकही नसतं. शकूला त्याचं कधी काही वाटलं नाही. तिला तेवढंच यायचं, आणि ते मात्र असं यायचं की बघणाऱ्यानं बघत राहावं.

त्याच सुमाराला महाडमध्ये मुलींचा क्लब निघाला. काढला नाते गावच्या महिपतरावांनी. घरची शेती मोठी, शिवाय दगडखाणीवर खडीचा क्रशर. हायवेचं रुंदीकरण जोरात होतं, खडीला मागणी होती. तरुणपणी ते स्वतः जिल्ह्याकडून खेळलेले. महाडला त्यांची भाताच्या गिरणीची जुनी शेड होती, ती त्यांनी रिकामी केली, आत लाकडी फ्लोअर बसवला, दिवे लावले, मागच्या बाजूला मुलींना राहायला खोल्या काढल्या. नदीवरून नाव ठेवलं, सावित्री. मुली त्यांना आबा म्हणायच्या. हर्षद सर शाळा सोडून कोच झाले आणि शकूला सोबत घेऊन आले. आणि जिल्ह्यात पूर्वी कुणी केलं नव्हतं ते आबांनी केलं, खेळणाऱ्या मुलींना महिन्याचा पगार सुरू केला. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोरीला खेळायचे पैसे मिळतात, हे वाडीत कुणाला खरं वाटेना.

पहिल्या वर्षी सावित्री राज्याच्या खालच्या गटात एकही सामना जिंकली नाही. मुंबई-पुण्याच्या मुली डोक्यावरून मारायच्या आणि आमच्या मुली बघत राहायच्या. दुसऱ्या वर्षी वरंधची समीक्षा जाधव आली आणि रंग पालटला. समीक्षा ताडासारखी उंच, आणि डावखुरी. शकूच्या पाठीमागे उभी राहायची. शकू मान न वळवता डोक्यावरून मागे बॉल सोडायची आणि तो जिथं असायला हवा तिथंच समीक्षाचा हात आलेला असायचा. दोघींचं असं जमलं की सर म्हणायचे, "या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, बॉलच बोलतो." संघ खालच्या गटातून वर आला, मग राज्यात तिसरा, मग पहिला. परतीच्या गाडीत गाणी म्हणून म्हणून मुलींचे घसे बसायचे.

मग एकवीस सालचा पूर आला. मुलींना वेळेवर वरच्या आळीत हलवलं होतं म्हणून जीव वाचले. पाणी ओसरल्यावर सगळ्या शेडवर गेल्या तेव्हा दारच उघडेना. आत गुडघाभर चिखल, आणि लाकडी फ्लोअरच्या फळ्या फुगून पापडासारख्या वर आलेल्या. बाजारपेठेत सगळ्यांच्याच घरादारांची ती दशा होती, कोण कुणाला मदत करणार? मुलींनीच फावडी-घमेली घेतली. महिपतराव पायरीवर बसून राहिले. त्यांना तसं बसलेलं शकूनं आधी कधी बघितलं नव्हतं.

"आबा, फळ्या काढून टाकू," ती म्हणाली. "खालच्या फरशीवर खेळू सध्या."

"गुडघे जातील गो पोरींनो तुमचे."

"सध्यापुरतं, आबा."

सध्यापुरतं म्हणता म्हणता नवा फ्लोअर कधी आलाच नाही. दर हंगामाला आबा पुढच्या वर्षीचा वायदा करायचे आणि तो त्यांच्या मनात खराही असायचा. पण हायवेचं काम आटपत आलं होतं, क्रशर महिनोन् महिने बंद असायचा. तशाच फरशीवर सराव करून मुली देशपातळीच्या व्यावसायिक लीगमध्ये पोचल्या. पहिल्या हंगामात तळाला जाता जाता कशाबशा वाचल्या. तरी महाडच्या चौकात बॅनर लागला, त्यावर समीक्षाचा उडी मारतानाचा मोठा फोटो होता, आणि कोपऱ्यात, अर्धी कापली गेलेली, शकू.

त्याच उन्हाळ्यात शकूची रेल्वेत निवड झाली. सरांनीच तिला खेळाडूंच्या कोट्यातल्या चाचणीला पाठवलं होतं. कायमची नोकरी, वर खेळायलाही मिळणार. व्हॉलीबॉल खेळणारी पोरगी याहून मोठं काही मागत नाही. गोमाजीनं वाडीत पेढे वाटले.

दोन दिवसांनी महिपतराव डोंगर चढून घरी आले. आबा आपल्या दारात, म्हणून शकूची आई गीताबाई गोंधळून गेली. तिनं चहा टाकला.

"गोमाजी, मी तुझ्या पोरीला अडवायला आलेलो नाय," बशी खाली ठेवत आबा म्हणाले. "पण तूच सांग, लिफ्टर गेली तर संघ कोणाच्या हातावर खेळायचा? एक हंगाम. या वर्षी आपण फायनलला जातोय बघ. मग मी स्वतः हिला मुंबईला सोडून येईन. त्यांना आणखी लिफ्टर लागणारच आहेत."

"सरकारी नोकरी हाय, आबा," गोमाजी म्हणाला. "चेंडू काय जन्मभर उडवणार ती?"

आबा उठले. म्हणाले, "तिच्या मनाला येईल ते करू दे."

शकूनं समीक्षाला फोन लावला. समीक्षा चिडलीच. "येडी हायस काय? जा गो! मला असा चान्स आला असता तर मी चप्पल घालायला थांबले नसते."

तू गेलीस तर मला बॉल कोण देणार, असं समीक्षा म्हणाली असती, तर शकू बहुधा गेली असती. पण ती स्वतःसाठी काही बोलली नाही, आणि अशीला सोडून जाणं शकूला जमेना. शकू थांबली. बापाला तिनं एवढंच सांगितलं, "एकच वर्ष, बाबा." गोमाजी काठी उचलून रानात निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आबा म्हणाले होते ते खरं ठरलं. तो हंगाम सावित्रीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हंगाम. ज्या संघांची नुसती नावं ऐकून पूर्वी मुली आधीच हार मानायच्या, त्यांना त्यांच्याच घरी जाऊन मुलींनी हरवलं. उपांत्य सामना महाडमध्ये पडद्यावर दाखवला, माणसं रस्त्यात उभी राहून बघत होती. फायनल कोचीला होती, केरळच्याच संघाशी.

सामना पाचव्या सेटला गेला. पाचवा सेट पंधराचा असतो. आमचे तेरा, त्यांचे चौदा असताना सर्व्हिस त्यांची. आमच्या मुलीनं ती कशीबशी उचलली, बॉल नेटपासून लांब उडाला. शकू धावत त्याच्याखाली गेली. समोरच्या तिन्ही मुली समीक्षाकडे सरकताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या. दुसरीकडे द्यायला वेळ होता का? नंतर तिनं हे किती वेळा मनात घोळवलं त्याला गणती नाही. त्या क्षणी तिच्या हातांना एकच जागा ठाऊक होती. तिनं बॉल मागे सोडला. तो वीतभर नेटच्या जवळ गेला.

समीक्षा उडाली, मारलाही, पण बॉल समोरच्या हातांवर आपटून आमच्याच बाजूला पडला. ती खाली आली ती नेटखालून आलेल्या समोरच्या एकीच्या पायावर. गुडघा आतल्या बाजूला वळला. हॉल जल्लोषानं दणाणून गेला होता, त्यामुळे तिची किंकाळी फक्त जवळच्यांनी ऐकली. बक्षीस समारंभात उपविजेत्यांचं पदक शकूनं दोघींचं घेतलं. समीक्षा तेव्हा अँब्युलन्समध्ये होती.

पुण्याला ऑपरेशन झालं. पुन्हा उडी मारता येईल असं धरून चालू नका, डॉक्टरांनी सांगितलं. शकूनं रेल्वेत चौकशी केली. तिच्या जागी दुसरी लिफ्टर घेतली होती. पुढची भरती निघेतो शकूची पंचविशी उलटली आणि ते दार बंद झालं. हे तिनं घरी सांगितलं तेव्हा गोमाजी कोयत्याला धार लावत होता. त्यानं हात थांबवला नाही, की वर बघितलं नाही. 'मी सांगत होतो' असं बाप एकदा बोलला असता तर तिला रडता आलं असतं.

पुढचा हंगाम आठवावा असा नव्हता. समीक्षाच्या जागी बाहेरून एक मुलगी आणली होती. गुणी होती, पण तिचं आणि शकूचं गणित जमेना. शकूचे हात सवयीनं जिथं बॉल सोडायचे तिथं कुणी नसायचं. बॉल रिकाम्या जागी पडायचा आणि ती मुलगी ओशाळून म्हणायची, "सॉरी ताई." चूक तिची नाही हे शकूला कळायचं. संघ हरत गेला. पगार आधी उशिरा व्हायला लागले, मग थांबले. सामन्याला स्टँडमध्ये मुलींचे आईबाप आणि पाच-पंचवीस टवाळ पोरं उरली.

शेवटच्या सामन्यानंतर महिपतरावांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ते फार वाळले होते. बोलताना कुणाकडे बघत नव्हते.

"मी क्लब दिलाय," ते म्हणाले. "गुजरातमधली पार्टी आहे. त्यांना लीगमध्ये जागा पाहिजे होती."

कुणाला नीट उमगलं नाही. शकूच पुढे झाली. "दिला म्हणजे काय आबा? क्लब म्हणजे आम्हीच ना?"

"जागा दिली, पोरी. लीगमधली जागा, सामान. आणि नाव."

"नाव पण?"

"त्यांना आवडलं. नदी नसली तरी चालतंय म्हणाले." आबा भिंतीला टेकले. "मला नाय झेपत आता. क्रशर गेला, जमीन चाललीय. तुम्ही मला शिव्या द्या, मी ऐकून घेतो."

शिव्या कुणी दिल्या नाहीत. एक धाकटी मुलगी स्फुंदायला लागली, मग सगळ्याच. शकूच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती जाळी सोडवायला लागली, कारण सराव संपला की जाळी ती सोडवायची. हर्षद सर हळूच म्हणाले, "राहू दे शकू. आता ती त्यांची आहे." तेव्हा ती तशीच अर्धी सोडवलेली जाळी हातात धरून उभी राहिली.

नव्या मालकांनी तिघींना चाचणीसाठी तिकडे बोलावलं, त्यांत शकू होती. सकाळभर ती बॉल देत राहिली. अनोळखी मुली, पण प्रत्येकीला हवा तसा बॉल चार-दोन चेंडूंतच मिळायला लागला. नवा कोच मन लावून बघत होता. शेवटी जवळ येऊन त्यानं विचारलं, "हाइट कितनी है, बेटा?"

तिनं सांगितली. उंचीत ती बापावर गेली होती.

"हाथ बहुत अच्छे हैं. सच में. लेकिन आजकल लिफ्टर को भी नेट के ऊपर ब्लॉक करना पड़ता है." तो भला माणूस होता, त्याला वाईट वाटत होतं. त्यामुळे तर भांडायलाही जागा उरली नाही. बाकी दोघींनाही परत पाठवलं. महाडची एकही मुलगी त्या सावित्रीत राहिली नाही.

हर्षद सर एका अकादमीत नाशिकला गेले. पोलादपूरच्या शाळेत त्यांच्या जागी दुसरे मास्तर आले होते. शेड कुणा व्यापाऱ्यानं खताच्या गोदामासाठी घेतली. शकू वाडीवर परत आली. मुंबईहून भाऊ दीपेश फोनवर म्हणायचा, "इकडे ये, कुठेतरी चिकटवतो." ती हो म्हणायची आणि जायची नाही. मग स्थळं येऊ लागली. एकदा बघायला आलेल्या मुलाच्या आत्यानं विचारलं, "खेळायचं वगैरे बंद आहे ना आता?" शकूनं तोंड उघडायच्या आत गीताबाईच घाईघाईनं म्हणाली, "बंद हाय, कधीचं बंद हाय." आईचं काही खोटं नव्हतं. पण शकू आत निघून गेली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही. ते स्थळ मोडलं.

समीक्षाला भेटायचं ती टाळत होती. श्रावण सरताना एकदाची वरंधला गेली. घाटरस्त्याच्या तोंडाशी समीक्षाच्या आईची चहा-भज्यांची टपरी आहे. पावसात घाट बंद, गिऱ्हाईक नाही. समीक्षा बाकड्यावर पाय लांब करून बसली होती. जाडी झाली होती. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

इकडचं तिकडचं बोलून झालं. शेवटी शकूला राहवेना. "समे, एक विचारू? तो बॉल जवळ होता काय गो?"

समीक्षानं उगाच कोणता म्हणून विचारलं नाही. "होता."

शकूनं मान खाली घातली.

"तसल्या बॉलवर मी हजारदा उडी मारलीय," समीक्षा म्हणाली. "गुडघा आधीच गेला होता. त्या फरशीवर आदळून आदळून. फायनलला मी दुखणं मारायची सुई घेऊन उतरले होते. सरांना माहीत होतं. तुला सांगू नका म्हणाले होते मी."

"का?"

"तू मला बॉल दिला नसतास."

शकूला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. आधी निदान स्वतःला बोल लावायला मिळत होतं, आता तेही राहिलं नाही. निघताना समीक्षा म्हणाली, "फोन कर. पण खेळाचं नको बोलू."

दिवाळीनंतर शकूनं हायवेवरच्या पेट्रोल पंपावर काम धरलं. पोलादपूरहून घाट सुरू व्हायच्या आधीचा पंप, गाड्यांची रीघ असते. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी. झिरो बघा, साहेब, किती टाकू, कार्ड की कॅश. काम अंगवळणी पडलं. बोटांना डिझेलचा वास यायचा तो साबणानं जायचा नाही.

एका दुपारी गोव्याकडे निघालेली मोठी बस डिझेलला लागली. पांढरी, नवी कोरी. बाजूवर निळ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं, सावित्री महिला व्हॉलीबॉल क्लब. त्याखाली क्लब सुरू झाला ते साल होतं, ज्या साली शकू नववीत होती ते. त्याखाली ओळीनं: राज्य विजेते, राष्ट्रीय लीग उपविजेते. सगळं खरं होतं. उपविजेतेपद कोचीचं होतं.

शकूनं नोझल टाकीत घातलं. दार उघडून उंच उंच मुली खाली उतरल्या, आळस देत, हसत. एकीनं विचारलं, "दीदी, वॉशरूम किधर है?" शकूनं हातानं दाखवलं. मुलीच्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. ही त्यांची लिफ्टर, शकूनं ओळखलं. चांगली साडेपाच-पावणेसहा फूट उंच. जेमतेम विशीची. परत येताना तिनं शकूकडे बघून हसून मान हलवली, जशी कुणीही पंपावरच्या बाईकडे बघून हलवेल. शकूच्या ओठांशी आलं होतं, हे खाली लिहिलंय ना, ते आम्ही केलंय. पण ते हिंदीत कसं म्हणायचं याचा ती विचार करत राहिली, आणि म्हटल्यावर पुढे काय, ते तिला सुचेना. तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. ड्रायव्हरनं कार्ड दिलं, तिनं पावती दिली. बस निघून गेली.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर तिनं समीक्षाला फोन लावला.

"आज बस बघितली."

"कुणाची?"

"आपली."

पलीकडे भज्यांच्या कढईत काहीतरी तडतडल्याचा आवाज आला. मग समीक्षानं विचारलं, "बोललीस काय कुणाशी?"

"नाय."

"बरं केलंस," समीक्षा म्हणाली आणि फोन ठेवला.

वाडीची शेवटची एसटी लागली होती. शकू टोपी पिशवीत कोंबून आत चढली. खिडकीशी जागा होती, पण ती दाराजवळच उभी राहिली, कारण बसली असती तर कुणीतरी शेजारी बसून बोललं असतं.